सात नंबरच्या खांबापाशी

दिनांक ११ ऑगस्ट, रक्कम २८६ रुपये ५० पैसे. व्हाउचर माझ्या टेबलावर आले तेव्हा त्याला दुकानाची पावती टाचलेली होती आणि तपशिलात लिहिले होते : ‘रबरी पट्टी सव्वाचार मीटर, चिकटवण्याचे द्रावण एक डबी. हातगाडीच्या चार चाकांसाठी. आवाज होऊ नये म्हणून.’ मी लाल शाईने ‘पूर्वमंजुरी नाही’ असा शेरा मारला आणि ते परत पाठवले. आधी स्वतःच्या खिशातून खर्च करून मग कोणी मागायला आले की मी हेच करतो. त्या माणसावर माझा काही राग नव्हता.

त्या माणसाला सगळे कानोसा म्हणत. नाव ठेवले कोणी ते माहीत नाही, पण ठेवणारा खट्याळ असणार, कारण याचा डावा कान पार गेलेला होता. तरुणपणी तो दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचा. खाण बंद पडली आणि त्याच खडकावर आमची संस्था उभी राहिली. जमिनीत कुठे पोकळी आहे, कुठे पाय आपटला तर किती लांब जाणवतो, हे सांगणारा माणूस हवा होता. त्याला ठेवून घेतले.

संस्थेचे काम मी माझ्या परीने सांगतो. मी वाणिज्य शाखेचा माणूस, बावीस वर्षांत मला कळले ते एवढेच. तीन-तीन किलोमीटरच्या दोन पोलादी नळ्या एका कोपऱ्यात काटकोनात मिळतात. आत हवा नाही. आतून प्रकाशाची तिरीप जाते, टोकाच्या आरशावर आपटते आणि परत येते. खूप लांब कुठे दोन जड विझलेले तारे एकमेकांवर आदळले, तर त्या धक्क्याने अवकाशालाच लाट येते. ती लाट आपल्यापर्यंत आली की एक नळी किंचित लांब होते आणि दुसरी किंचित आखूड. किंचित म्हणजे किती, ते सांगताना आमचे संचालक बोटांची चिमूट करायचे आणि मग स्वतःच हसायचे, कारण चिमूटसुद्धा त्या मानाने अफाट मोठी होती.

अडचण अशी, की आरसे कशानेही हलतात. रस्त्यावरचा ट्रक, वारा, कॅन्टीनचा फ्रीज. म्हणून दोन्ही आरसे नीट जुळून यंत्र सुरू झाले, म्हणजे आमच्या भाषेत ‘लॉक’ लागला, की आवारात गाडी येऊ द्यायची नाही. फाटकाच्या आत डांबरावर एक पिवळी रेघ आहे, गाड्या तिथेच थांबवायच्या. आणि एवढे करूनही कंप आलाच, तर तो कोणाचा ते शोधायचे. ते काम कानोसाचे. त्याच्याकडे एक जाड वही असे. तिच्यात तो प्रत्येक कंप तीनपैकी एका रकान्यात टाकी : ‘बाहेरचे’, ‘आपलेच’, ‘न कळलेले’. तिसरा रकाना रिकामा राहावा यासाठी तो दिवसभर पायपीट करी.

एकदा पहिल्याच वर्षी दुपारी दुपारी एक बारीक थरथर यायला लागली. चार दिवस हा नळीच्या कडेकडेने अनवाणी फिरला. पाचव्या दिवशी स्वतःच्याच दारात येऊन थांबला. दुसऱ्या नळीच्या टोकाजवळ कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या, त्यातली शेवटची त्याची. आत वहिनी शिलाई मशीन चालवत होत्या. प्रयोगशाळेत धूळ जाऊ नये म्हणून घालतात ते पांढरे कोट त्याच शिवायच्या. त्याने वहीत लिहिले : ‘आपलेच. शिलाई मशीन, नोंद करणाऱ्याची पत्नी.’ ती वही संचालकांनी सभेत वाचून दाखवली. लोक पोट धरधरून हसले.

वहिनी मला म्हणाल्या, “बघा भावजी, बायकोवर पहारा करायला सरकारी पगार मिळतो यांना.”

त्या दिवसापासून लॉक असेपर्यंत मशीन बंद. फाटकावरून फोन आला की त्या विचारायच्या, “सुटला का?” सुटला म्हटले की धडाधड मशीन सुरू. कधी दोन-दोन दिवस लॉक सुटायचा नाही, मग त्या हाताने टाके घालत बसायच्या आणि कोट उशिरा आले म्हणून मीच पत्र पाठवायचो. घरात भांडीसुद्धा फडक्यावर ठेवत. त्या दोघांना मूलबाळ नव्हते. “असतं तर यांनी त्याला पाळण्यातच ‘आपलेच’मध्ये टाकलं असतं,” असे त्या म्हणत. हसून म्हणत, पण मग तो विषय तिथेच संपत असे.

संस्थेत एक सिद्धांतवाल्या मॅडम होत्या, वयाने तिशीच्या आत. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना कामाची कल्पना यावी म्हणून त्यांनी एकदा व्याख्यान दिले. अवकाश वाकते, दुमडते, आणि समीकरणे म्हणतात की कधी दोन लांबच्या जागांमध्ये भुयारही असू शकते, त्याला वर्महोल म्हणतात, असे त्या सांगत होत्या. वहिनी पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी पदराला चुणी घातली आणि वर धरली.

“म्हणजे असं ना? ही दोन टिंबं कापडावर वीतभर लांब, चुणीत एकमेकांना चिकटून.”

मॅडम खूश झाल्या. “अगदी असंच, काकू. फक्त एक अडचण आहे. साधं भुयार उघडलं तरी टिकत नाही. कोणी पलीकडे पोचायच्या आत त्याचं तोंड मिटतं. प्रकाशसुद्धा पोचत नाही.”

“मग असली वाट घेऊन करायचं काय?” वहिनींनी पदर सोडून दिला.

आता पाकिटाविषयी सांगितले पाहिजे. वर्षानुवर्षे काही सापडले नाही की माणसे सुस्तावतात, आणि एखादे दिवशी हवे तेच दिसायला लागते. म्हणून तीन जणांची एक गुप्त समिती असे. ती कधीतरी, कोणाला न सांगता, आरशाला चुंबकाने हलकेच ढकलून खोटी लाट सोडी. आमच्याकडे आणि दुसऱ्या देशातल्या जोडीच्या यंत्रातही, जुळवून. लोकांना ती ओळखता येते का, ते पाहायचे. दिवस, वेळ, लाटेचा आकार हे सगळे आधीच एका कागदावर लिहून पाकिटात बंद करायचे. निरीक्षणाच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे सलग काही महिन्यांच्या कामाला, एक पाकीट, कधी आत कोरा कागदही. फेरी संपून लोकांनी आपला निष्कर्ष लेखी दिला की सगळ्यांसमोर ते फोडायचे. तोवर ते माझ्या तिजोरीत असे.

“तुम्हाला यातलं काही कळत नाही, म्हणून किल्ली तुमच्याकडे,” संचालक मला म्हणाले होते. मी ते कौतुक समजून घेतले.

त्या वर्षीची फेरी ऑगस्टअखेर सुरू झाली. २ सप्टेंबरला दोन्ही देशांतली यंत्रे एकाच वेळी लॉकमध्ये होती. असे आधीच्या सात महिन्यांत एकदाही जमले नव्हते. दुपारी अडीचला वहिनींच्या छातीत दुखायला लागले, श्वास पुरेना. कानोसाने फाटकावर फोन केला. तिथल्या पहारेकऱ्याने पुढचे मला नंतर जसेच्या तसे सांगितले.

“अॅम्ब्युलन्स बोलाव. पिवळ्या रेघेवर थांबव.”

“आतच पाठवतो की. लाल बटण दाबू का, काका?”

लाल बटण दाबले की लॉक सोडून देतात आणि गाडी कुठेही जाऊ शकते. आजारपणासाठी ते दाबायची पूर्ण मुभा होती. नियमावलीत तसे स्वच्छ छापलेले आहे, सातवे कलम.

कानोसाने उत्तर द्यायच्या आत मागून वहिनींचा आवाज आला, “नको हो. तुमचं सगळं सुटेल. जाते मी बसून हातगाडीवर, बरं वाटतंय आता.”

“नको दाबू,” तो म्हणाला.

दारात सामान ने-आण करायची ती हातगाडी होती, चाकांना नवी रबरी पट्टी लावलेली. तिच्यावर गादी घातली, वहिनींना निजवले, वर छत्री बांधली. खोलीपासून पिवळ्या रेघेपर्यंत अकराशे मीटर, दर शंभर मीटरला एक क्रमांकाचा खांब. तो हळू चालला. हळू म्हणजे मोजून हळू, कारण गाडी किती वेगाने ढकलली की आरशाला कळते ते त्याने स्वतःच आधी तपासून ठेवले होते. दोन पस्तीसला निघाला, तीन वाजून दोन मिनिटांनी रेघेवर पोचला. फाटकावरच्या रजिस्टरात अॅम्ब्युलन्स आल्याची वेळ दोन एक्केचाळीस आहे. ती आत आली असती तर जाऊन-येऊन पाच मिनिटे. म्हणजे सोळा मिनिटे गेली.

वहिनी संध्याकाळी सहाला इस्पितळातच वारल्या. मी तिथे होतो. कानोसाने डॉक्टरांना फक्त एकच विचारले, सोळा मिनिटांनी काही फरक पडला असता का. डॉक्टर म्हणाले, “पडला असता असं मी म्हणणार नाही. नसता पडला असंही म्हणणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सगळे आटोपून तो परत आला आणि वही उघडून बसला. त्याच्या अक्षरात ती ओळ अजून आहे : ‘२.३५ ते ३.०२. हातगाडी एक, रबरी चाके, रुग्ण एक. ढकलणारा नोंद करणारा स्वतः.’

आणि त्याच दिवशी दुपारी इमारतीत धावपळ सुरू झाली. काल दोन वाजून बावन्न मिनिटे सतरा सेकंदांनी दोन्ही यंत्रांत एक लाट उमटली होती. आधी चढत गेलेला स्वर, मग धक्का. आणि आमच्याकडे त्या धक्क्याच्या मागून तीन फिकट प्रतिध्वनी. मॅडम दोन दिवस घरी गेल्या नाहीत. त्यांनी मला समजेल असे सांगितले, “कृष्णविवर असेल तर धक्क्यानंतर सगळं गिळून गप्प होतं. पण तिथे भुयार असेल, तर लाटेतलं थोडं आत आपटून परत येतं. प्रतिध्वनी येतो. हे वर्महोल असू शकतं, साहेब. असू शकतं एवढंच म्हणते.”

शंका अशी होती की प्रतिध्वनी फक्त आमच्याच यंत्रात स्पष्ट होते. जोडीच्या यंत्रात त्या दिवशी गोंधळ फार होता. मग वही मागवली गेली आणि हातगाडीची ओळ निघाली. तपासणी समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “चाक डगडगलं तर असेच सारख्या अंतराचे ठोके येतील.” म्हणाले ते अगदी सौम्यपणे, पण कानोसा समोरच बसलेला होता. त्याचा चेहरा मी पाहिला. सोळा मिनिटे ज्याच्यासाठी दिली, ते आपल्याच चाकाने नासवले की काय, हा प्रश्न त्याला तोपर्यंत पडलाच नव्हता.

तोच म्हणाला, “पुन्हा ढकलून बघू. तशीच.”

पुढच्या आठवड्यात चाचणी झाली. मॅडम वाळूची पोती भरवत होत्या. त्यांनी विचारले, “काका, वजन किती धरायचं?”

“एक्कावन्न किलो आठशे. ऑगस्टात दवाखान्यात काटा केला होता.” मग म्हणाला, “गादी वेगळी धरा. गादी तीच आणली आहे.”

सातव्या खांबापाशी तो थांबला. मॅडमनी हातातले घड्याळ दाखवले, पण तो जागचा हलला नाही. “इथं थांबलो होतो. चाळीस सेकंद. पाणी हवं होतं तिला.” छत्रीसुद्धा त्याने बांधली होती, वाळूवर. असे तीन वेळा केले. मी खिडकीतून दोन वेळा पाहिले, तिसऱ्यांदा खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खुर्चीत नीट बसला.

“साहेब, यंत्रावरची रेघ सपाट. तिन्ही वेळेला. चाकाचं काही नाही त्यात.”

“बरं झालं.”

“मी हिशेब लावला. दोन बावन्नला आम्ही सात नंबरच्या खांबापाशीच होतो. तिनं पाणी पिऊन माझा हात धरला होता. मला म्हणाली, ‘कुठपर्यंत आलो?’ मी म्हटलं, अर्ध्याच्या पुढं. तर म्हणते, ‘ती चुणी घाला की आता. कधी उपयोगी पडायची?’ हसत होती, साहेब. आणि मॅडम म्हणतात, लाट काय नळीतूनच जात नाही, सगळ्यातून जाते. म्हणजे तेव्हा ती तिच्यातून गेली. माझ्यातून गेली. दोघांतून एकदमच.” तो हात पाहत होता. “गाडी आत घेतली असती तर कुणाला कळलंच नसतं, अशी लाट येऊन गेली म्हणून.”

माझ्या पाठीमागेच तिजोरी होती. थोड्या वेळाने त्याची नजर तिकडे गेली.

“फोडा म्हणत नाही. नुसतं उजेडाला धरून बघा. कोरा आहे की लिहिलेला. मी कोणाला सांगणार नाही.”

“नियम आहे.”

“आहे,” तो म्हणाला आणि उठला. “मला माहीत आहे. मीही नियमानंच वागलो.”

तो नियमाने वागला नव्हता. नियम त्याच्या बाजूने होता, सातवे कलम. हे त्याला माहीत होते, मलाही होते, आणि दोघांनीही ते बोलून दाखवले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ते पाकीट काढून खिडकीशी धरले. नोकरीत नियम मोडल्याचा हा माझा एकच प्रसंग. आत काळ्या कागदाचे अस्तर होते. काहीही दिसले नाही.

पुढे चार महिने लोक लेख लिहीत होते. सेहेचाळीस पाने झाली. कानोसा रोज फिरायचा, रोज नोंदी करायचा. २ सप्टेंबरच्या पानावर त्या वेळेपुढे त्याने ‘न कळलेले’मध्ये पेन्सिलीने लहानशी खूण केली होती. अशी खूण त्याला एरवी सहन होत नसे. ही तो जपत होता. घरातली मशीन त्याने झाकून ठेवली होती. फाटकावरचा पहारेकरी सवयीने लॉक सुटल्याचा फोन लावायचा आणि हा “बरं” म्हणून ठेवायचा.

१९ जानेवारीला सभागृह भरले. पडद्यावर जोडीच्या देशातली माणसे दिसत होती. मी तिजोरीतून पाकीट आणले, मोहोर शाबूत असल्याचे सर्वांना दाखवले, पोचपावतीवर सही घेतली आणि संचालकांच्या हाती दिले. कानोसा मागच्या रांगेत वही मांडीवर घेऊन, चांगला कान पुढे करून बसला होता.

संचालकांनी कागद उलगडला. तो कोरा नव्हता.

“दोन सप्टेंबर. चौदा, बावन्न, सतरा. दोन्ही ठिकाणी. धक्क्यानंतर तीन प्रतिध्वनी, आकृती सोबत.”

टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांना कारण होते. खोटी लाट लोकांनी बरोबर पकडली होती, वेळ बरोबर, आकार बरोबर, अगदी प्रतिध्वनीसुद्धा. यंत्र पास झाले, माणसे पास झाली. मॅडमनी आपली सेहेचाळीस पाने उलटी करून ठेवली आणि त्याही टाळ्या वाजवू लागल्या. चहा आणि बिस्किटे माझ्याच सहीने मागवलेली होती, ती आली.

म्हणजे त्या दुपारी आकाशातून काही आलेच नव्हते. तिच्यातून काही गेले नव्हते, त्याच्यातूनही नाही. तीन माणसांनी ठरवून चुंबकाने आरसा ढकलला होता. गाडी आत आली असती तर फक्त एक खोटी लाट वाया गेली असती, आणि समितीने दुसरी सोडली असती.

मॅडम त्याच्यापाशी गेल्या. “काका...” एवढेच बोलल्या.

“वेळ परत एकदा सांगा,” तो म्हणाला.

“चौदा बावन्न सतरा.”

त्याने वही उघडली, ते पान काढले. पेन्सिलीची खूण खोडरबराने पुसली, फुंकर मारून कचरा उडवला, आणि शेजारच्या रकान्यात शाईने लिहिले : ‘आपलेच.’ मग वही मिटून, चहा न घेता, नळीच्या कडेने चालत घरी गेला.

तो त्यानंतर आणखी दोन वर्षे नोकरीत होता. दोन्ही वर्षी पाकिटे कोरी निघाली आणि लाटही आली नाही. काम त्याने पूर्वीसारखेच केले, फक्त आजारपणाचा फोन आला की अॅम्ब्युलन्स फाटकावर पोचायच्या आतच लाल बटण दाबायला लावायचा, कोणाला न विचारता. एकदा कोणाच्या तरी मुलाचा साधा ताप होता आणि लॉक गेला. संचालकांनी विचारले तेव्हा म्हणाला, “सातवं कलम.” निवृत्तीनंतर खोली सोडली, मशीन कोणाला तरी देऊन टाकली, आणि बहिणीकडे राहायला गेला असे ऐकले. पत्ता माझ्या फाइलीत आहे.

तो जाण्यापूर्वी मी ते ११ ऑगस्टचे व्हाउचर त्याच्याकडून मागवून घेतले. संचालकांकडून नंतरची मंजुरी आणली, माझा लाल शेरा रद्द करून त्यावर सही केली, पैसे पाकिटात घालून त्याच्यासमोर ठेवले. उरली होती फक्त त्याची सही. तळाशी एक छापील ओळ असते : ‘वरील साहित्य संस्थेच्या कामासाठी वापरले असे प्रमाणित करतो.’

त्याने ती ओळ दोनदा वाचली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“असं लिहून देता येणार नाही, साहेब.”

सहीशिवाय रक्कम देता येत नाही. येत्या महिनाअखेरीस मी निवृत्त होतो आहे आणि शिल्लक देण्यांची यादी पुढच्या माणसाच्या हवाली करायची आहे. तिच्यात एकच नोंद आहे. कानोसा यांना २८६ रुपये ५० पैसे देणे बाकी.